नागाच्या वाट्याची फुलं

आमच्या ठाण्याच्या घरची बाग उजाडायच्या आत रिकामी होत असे. ज्यांनी आमचं घर फक्त रस्त्यावरूनच पाहिलं होतं त्यांना वाटायचं, या लोकांच्या झाडांना फुलंच येत नाहीत की काय. टेंभीवरून कचेरीकडे जाणारे लोक कुंपणापाशी थबकून पाहायचे. जास्वंद नुसती हिरवी, कण्हेर हिरवी, तेरड्याच्या वाफ्यात नुसता पाला, आणि सोनटक्क्याच्या दांड्यांवर फक्त उद्याच्या कळ्या. फुलं यायची, भरभरून यायची, पण ती पाहायला सूर्यसुद्धा वेळेवर पोचत नसे. त्याच्या आधी आत्याबाई पोचलेल्या असत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचं कुंकू गेलं आणि त्या भावाकडे परत आल्या, त्या कायमच्या. मी सून म्हणून त्या घरात गेले तेव्हा घरातली सत्ता दोघींत वाटलेली होती. चूल सासूबाईंची आणि देव आत्याबाईंचे. सासूबाई अंगाने भरलेल्या, हसऱ्या, बोलता बोलता दुसऱ्याच्या पानात वाढून टाकणाऱ्या. आत्याबाई म्हणजे सरळ उभी काठी. बोलणं मोजकं, आणि एकदा बोललेला शब्द परत घ्यायची सवय त्यांना नव्हती. मामंजी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, बाहेर त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत, पण आत्याबाईंपुढे ते नुसते बापू असत. आणि ज्यांच्या नावाने मी त्या घरात आले होते ते शिकायला मुंबईला होते. शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात, त्यामुळे या हकिकतीत त्यांचं काही काम नाही.

आत्याबाई विहिरीवर अंघोळ करून ओलेत्यानेच फुलं काढायच्या आणि मी परडी धरून मागे उभी राहायचे. नियम कडक होते. फूल हुंगायचं नाही, हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. प्राजक्त सोडून खाली पडलेलं काही उचलायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम हा की उन्हं वर यायच्या आत शेवटचं फूल परडीत पडलं पाहिजे, कारण उन्हं आली की फुलपाखरं येतात आणि फुलं उष्टी करतात. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "वन्सं, भुंग्याने शिवलेलं फूल चालतं म्हणतात शास्त्री." त्यावर आत्याबाईंनी मागेही न वळता उत्तर दिलं, "शास्त्र्यांना चालत असेल."

मग कोवळं ऊन पडायचं आणि पाखरं यायची. काळी, मोठी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि खाली आखूड शेपट्या असलेली. या झाडावरून त्या झाडावर जायची, प्रत्येक फांदीशी दोन-दोनदा घुटमळायची आणि कुंपणावरून निघून जायची. पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखी मला ती दिसायची. मला फार वाईट वाटे, पण सुनेने कशाकशाचं वाईट वाटून घ्यायचं याचेही त्या काळी नियम होते, आणि त्यांत पाखरं बसत नव्हती.

त्या घरातलं माझं बाकीचं आयुष्य म्हणाल तर वास आणि आवाज यांनीच ते आठवतं. खाडीकडून येणारा खारट वारा, मागच्या पडवीतल्या जात्याची घरघर, आणि स्टेशनातून येणारी गाडीची शिटी. कल्याणकडे जाणारी गाडी कोणती आणि मुंबईकडे जाणारी कोणती, हे मला डोळे मिटून कळत असे. आषाढ संपला की घरातला मासळीचा वास जायचा आणि श्रावणात त्याची जागा बिरडं घ्यायचं. आदल्या दिवशी भिजवून मोड काढलेले वाल आम्ही तिघी पडवीत बसून सोलायचो. साल बोटाने दाबली की दाणा टुण्णकन उडतो, आणि तो नेमका सासूबाईंच्या मांडीवर पडला की त्या म्हणायच्या, "हिच्या माहेरी नेम धरायला शिकवतात वाटतं." आज डोंबिवलीला नातवाच्या घरी सोललेले वाल बाजारातून येतात. चव तीच असेल, मी काही तक्रार करत नाही, पण सोलताना ज्या गप्पा व्हायच्या त्या कुठल्या बाजारात मिळायच्या?

माझं माहेर कल्याणचं. आई मला आठवतही नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला वाढवलं, मला आणि झाडांना, आणि दोघांत फार फरक केला नाही. ते शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की धोतराचा काचा मारून विहिरीपाशी बसायचे आणि झाडांना आळी करायचे, आणि मी चिखलात शेजारी. आमच्या विहिरीवर एक ईडलिंबाचं झाड होतं. त्याच्या पानांवर पावसाळ्यात पक्ष्याने घाण केल्यासारखे बारके ठिपके दिसत, तपकिरी आणि पांढरे. दादा म्हणाले, "नीट बघ. घाण चालते का कधी?" मी बघत बसले आणि ती घाण खरोखर चालायला लागली. मग ती अळी मोठी होऊन हिरवी कशी होते, मानेजवळ डोळ्यांसारखे ठिपके कसे येतात, आणि तिला डिवचलं की डोक्यातून दोन टोकांचं लाल शिंग कसं बाहेर येतं, हे सगळं त्यांनी मला दाखवलं. त्या शिंगाला आंबूस, उग्र वास येतो. आणि शेवटी तिचंच ते काळं शेपटीवालं पाखरू होतं, हे पाहिलं त्या दिवशी मी जेवले नव्हते, इतकी खुळावले होते.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दादा मला भेटायला ठाण्याला आले ते त्याच झाडाचं रोप घेऊन. फुटक्या मडक्यात लावलेलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, आणि गाडीत सबंध वाट मांडीवर धरलेलं. शेजारच्या उतारूला काटा लागला तेव्हा तो फार बोलला, असं दादांनी हसत सांगितलं. रोप मोठ्या फाटकाच्या आत, उन्हाच्या जागी लावलं. मामंजी म्हणाले, "असू दे, लोणच्याला होईल." पुढल्या साली तापात दादा गेले. भाऊ मला नव्हता. चुलत्यांनी कल्याणचं घर भाड्याने दिलं, आणि भाडेकऱ्याने विहिरीवरचं झाड तोडून तिथे म्हशी बांधल्या, असं कानावर आलं. आता कल्याणचं म्हणून माझ्यापाशी जे होतं ते फाटकाजवळचं झाड. ते एव्हाना माझ्या खांद्याच्या वर गेलं होतं.

त्या पावसाळ्यात अळ्या आल्या. सासूबाईंनी पानांवरचे ठिपके पाहिले आणि पक्ष्यांच्या नावाने बोटं मोडत त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. ठिपके चालायला लागले. सासूबाईंनी तांब्याच टाकून दिला. "अगं बाई, हे काय जिवंत आहे?" म्हणत त्या जोत्यावर चढल्या, आणि मी तोंडात पदर कोंबून हसले. आत्याबाई फुलं काढून वळत होत्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि देवघरात गेल्या.

अळ्यांनी पाला खाल्ला. झाडाला अजून फळ नव्हतं, फूल नव्हतं, आता पालाही विरळ झाला आणि काटे तेवढे उठून दिसायला लागले. एका सकाळी मामंजी कचेरीला घाईने निघाले आणि नव्या अंगरख्याची बाही काट्याला अडकून टरकन फाटली. बदलून जाईपर्यंत उशीर झाला, आणि कचेरीत साहेब लागट बोलला. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून मामंजी धुमसत होते. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "काटेरी झाड दारात असलं की बोलाचाली व्हायच्याच. जुनी माणसं सांगत आलीत."

मामंजींचा तसल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण सोयीची गोष्ट सांगायला जुनी माणसं आली तर ते त्यांचाही मान राखत. "बरोबर आहे," ते म्हणाले, "धर्माला सांगतो. शुक्रवारी येऊन मुळापासून काढून टाकेल."

मी दाराआड सोललेल्या वालांचं ताट घेऊन उभी होते. आत्याबाईंचा तांदळातला हात थांबला, एवढं मला दिसलं. पण शब्द गेला होता, आणि तो मागे घेणाऱ्या त्या नव्हेत.

सासऱ्यांशी सुनेने बोलायची तेव्हा रीत नव्हती. मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि रडत सांगितलं. त्या बिचाऱ्या लगेच उठून झोपाळ्यापाशी गेल्या आणि थोड्या वेळाने चेहरा पाडून परत आल्या. "ऐकत नाहीत गं. बाही फाटल्याचा राग आहे तो. आपण दुसरं लावू. मोगरा लाव तू, तुझ्या हाताने."

"मोगरा कल्याणचा नाही," मी म्हणाले. त्यांनी आपल्या पदराने माझं नाक पुसलं आणि भाकरीचं पीठ माझ्यापुढे सरकवलं.

तो शुक्रवार म्हणजे नागपंचमी होती. मामंजी दिवस मोजायचे ते कचेरीच्या हिशेबाने, सणवार बायकांनी सांभाळायचे. आदल्या दिवशी भावासाठी बायका उपास करतात, तसा आत्याबाईंनी मामंजींसाठी केला, पाण्याखेरीज काही घेतलं नाही. आळीतल्या माझ्याएवढ्या सुनांना माहेरची माणसं न्यायला आली. कुणाचा भाऊ, कुणाचा बाप, पायाला चिखल आणि हातात खाऊची पुरचुंडी. गेल्या पंचमीला दादा आले होते. या पंचमीला मला न्यायला येणारं कुणी नव्हतं, आणि उद्या दादांचं झाडही जाणार होतं. त्या संध्याकाळी हळदीची पानं खुडायला मी परसात गेले आणि तिथेच पुष्कळ वेळ बसून राहिले. कल्याणच्या गाडीची शिटी झाली तेव्हा कानांवर हात ठेवले.

पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही. म्हणून आमच्याकडे पातोळ्या व्हायच्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पसरून, आत गूळखोबरं घालून, पान दुमडून वाफवलेल्या. सकाळी त्या वासाने घर भरलं होतं. आत्याबाईंनी पाटावर गंधाने नाग काढले होते. तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्यावर कुऱ्हाड आणि हातात कुदळ घेऊन धर्मा उभा होता. खाडीपलीकडच्या गावातला आगरी गडी, आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारा.

"आयबाय," तो आत्याबाईंना म्हणाला, "बापूसायबांनी सांगलंय, झार तोराचा हाय. आज पंचम हाय, मना मायतंय, पन सायबांनी आजचाच सांगलंय."

मामंजी अंघोळ करून बाहेर येतच होते. "हो, आजच," ते म्हणाले.

"बापू, आज घरात भाजी चिरली नाही," आत्याबाई म्हणाल्या, "आणि तू दारात कुऱ्हाड चालवणार?"

"नियम भाजीचा आहे, आक्का. झाडाचा कुठे आहे? आणि काटेरी झाड दारात नको, हे कोण म्हणालं? तूच ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शब्दात सापडलेलं पाहिलं. मी जोत्याच्या खांबाला धरून उभी होते, आणि मला लक्षात आहे की मी रडत नव्हते. रडणं आदल्या दिवशी संपलं होतं. मी फक्त झाडाकडे बघत होते, पुढे आठवायला उपयोगी पडेल म्हणून.

आत्याबाई जोत्यावरून खाली उतरल्या आणि सरळ झाडापाशी गेल्या. काट्यांतून हात घालून त्यांनी एक फांदी वळवली आणि बोटाने हळूच काहीतरी टोचलं. मग म्हणाल्या, "बापू, इकडे ये. सगळे इकडे या."

फांदीवर एक जाडजूड हिरवी अळी होती. तिने पुढचं अंग उचललं होतं, मानेवरचे ते डोळे फुगले होते, आणि डोक्यातून दोन टोकांचं लालभडक शिंग बाहेर आलं होतं.

"नाग," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. "आक्का, अळी आहे ती."

"कचेरीत असेल अळी. डोळे बघ. जीभ बघ, दोन टोकांची आहे की नाही? पंचमीच्या दिवशी, आपल्या दारातल्या झाडावर, फणा काढून बसलाय." त्यांनी पुन्हा बोट लावलं, आणि अळीने आज्ञा पाळल्यासारखं पुन्हा शिंग काढलं. तो आंबूस वास माझ्यापर्यंत आला, आणि त्या वासाबरोबर सबंध कल्याण.

मी मास्तरांची मुलगी. डोळ्यांनी पाहिलेलं खरं बोलायचं, हे माझ्या हाडात शिकवलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, ती तर—"

"तू दूध आण," आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आणि लाह्या."

मी दूध आणायला गेले. परत आले तेव्हा धर्माने कुऱ्हाड खाली ठेवून हात जोडले होते. सासूबाई अळीला भीत होत्या, पण त्यांनीही दुरून जोडले होते. शेजारच्या दोघीजणी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामंजी तेवढे चष्मा हातात घेऊन एकटे पडले होते.

"तू वाहा," आत्याबाई मला म्हणाल्या. "तुला भाऊ नाही ना? मग हाच भाऊ. पंचमीला ज्यांना कुणी न्यायला येत नाही त्यांच्याकडे हाच येतो."

मी झाडाच्या बुंध्याशी दूध ठेवलं, लाह्या वाहिल्या, हळदकुंकू वाहिलं. समोर अळी आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी नमस्कार केला तो अगदी मनापासून केला. कुणाला केला ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

"काल दिवसभर तुझ्यासाठी उपाशी होते मी, बापू," आत्याबाई भावाला म्हणाल्या. "आता तुला घाव घालायचाच असला तर घाल."

"बरं बाई," मामंजी म्हणाले. "श्रावण होऊ दे. मग बघू." धर्माने पातोळ्या खाल्ल्या, चार घरीही बांधून नेल्या आणि कुऱ्हाड घेऊन निघून गेला.

श्रावण होऊ दे, मग बघू. म्हणजे मरण टळलं नव्हतं, पुढे गेलं होतं. आणि एक-दोन दिवसांत नाग नाहीसा झाला. मामंजी झोपाळ्यावरून विचारायचे, "काय आक्का, कुठे गेला तुझा नाग?" आत्याबाई म्हणायच्या, "पाताळात. तुला विचारून जाईल काय?" पण मला तो सापडला होता. एका आतल्या काटकीला, कमरेला दोरा बांधून मागे रेललेल्या माणसासारखा, हिरवा कोश. मला कळून चुकलं की आता थोड्या दिवसांत यातून पाखरू निघणार, ते सगळ्यांना दिसणार, आत्याबाईंचं हसं होणार आणि मामंजी दुसऱ्याच दिवशी धर्माला बोलावणार. म्हणून मी रोज सकाळी परडी देवघरात ठेवली की काही ना काही निमित्त काढून झाडापाशी जात असे. पाखरू निघालं की कुणी बघायच्या आत त्याला उडवून लावायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. कोळीवाड्यातल्या वाजंत्र्यांचा आवाज अजून कानात होता. त्या दिवशी परडी हातातच होती, जास्वंदीने भरलेली, आणि जाता जाता पाहिलं तर कोश काळा पडला होता. बघता बघता तो फाटला आणि चुरगळलेलं, ओलं पाखरू बाहेर येऊन काटकीला लोंबकळलं. त्याला आता हलवलं तर ते मरेल, हे मला दादांनी सांगितलेलं होतं. मागे पावलं वाजली. मी पदर पसरून झाडापुढे उभी राहिले.

"काय झाकतेस?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"बाजूला हो. ओलं आहे ते, ऊन लागू दे त्याला."

मी पदर सोडला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या झाडाजवळ उभ्या राहून पाखराकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य मुळीच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या सासरी विहिरीवर ईडलिंबाची दोन झाडं होती. मी काय डोळे मिटून पाणी भरत होते?"

"मग तुम्ही नाग का म्हणालात?"

"अळी म्हटलं असतं, तर बापूनं झाड ठेवलं असतं?" आणि मी अजून तशीच बघते आहे असं पाहून म्हणाल्या, "पाटावर गंधाचा काढतो तो तरी कुठे खरा असतो? त्याला दूध दाखवतोच की."

आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. सासूबाईंनी आतून दोनदा हाक मारली, पण आत्याबाईंनी ओ दिली नाही. पंख हळूहळू सरळ झाले, काळे झाले, पांढरे ठिपके उमटले, शेपट्या सुटल्या. मग ते उडालं. आधी जास्वंदीवर गेलं, तिथे फूल नव्हतं. कण्हेरीवर गेलं, तेरड्यावर गेलं, सोनटक्क्याच्या मिटल्या कळीवर बसून उठलं, आणि परत जास्वंदीवर आलं. आत्याबाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्या हातातल्या भरल्या परडीकडे पाहिलं. पाखरू कुंपणावरून निघून गेलं.

"उपाशीच गेलं की गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी सगळी बाग काढून झाली आणि आम्ही फाटकाजवळच्या तांबड्या जास्वंदीपाशी आलो. त्या जास्वंदीला रोज सगळ्यांत जास्त फुलं यायची. आत्याबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "ही राहू दे," त्या म्हणाल्या, "ही नागाच्या वाट्याची." त्या दिवसापासून ती जास्वंद कधी कुणी काढली नाही. उन्हं आली की काळी पाखरं येऊन तिच्यावर झुलायची, आणि कचेरीत जाणारे लोक कुंपणापाशी थांबून म्हणायचे, बापूसाहेबांच्या झाडांना फुलं यायला लागली वाटतं. श्रावण संपला, त्या दिवशीचं गोड निनाव करून झालं, गणपती आले आणि गेले, धर्मा येऊन कुंपण दुरुस्त करून गेला, पण झाडाची गोष्ट कुणी काढली नाही. रविवारी मामंजी झोपाळ्यावर फाटकाकडे तोंड करून बसायचे आणि पाखरं बघायचे. त्यांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. पुढे झाडाला फळ धरलं तेव्हा लोणच्याची पहिली फोड मात्र त्यांनी मागून घेतली.

आता मी डोंबिवलीला असते. नातसून सकाळी देवासाठी फुलं काढते आणि एक झाड सोडून देते. तिला कुणी कारण सांगितलेलं नाही, तिच्या सासूला सोडताना पाहिलं म्हणून तीही सोडते. आमच्या घरी शाळेत जाणारी मुलं त्या पाखरांची इंग्रजी नावं घेतात. घेऊ देत, नावं चांगलीच असणार. मी अंगणात खुर्ची टाकून बसते आणि मला वाटतं, माझ्याइतकी भाग्यवान कोण? आईबाप लवकर गेले, पण ज्या बाईला सगळं घर भीत होतं तिने माझ्या बापाचं झाड वाचवलं, आणि तेही मी न मागता.

का वाचवलं, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी ह्यांची बदली झाली आणि आम्ही ठाणं सोडून निघालो. सामान छकड्यात चढलं होतं, मीही चढून बसले होते, सासूबाई दारात रडत होत्या. आत्याबाई दिसेनात. मग त्या फाटकाकडून आल्या, वाकलेल्या, हातांवर काट्यांचे ओरखडे, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. ईडलिंबाच्या फांदीला त्यांनी महिन्यापूर्वीच गुटी बांधून ठेवली होती, तिला चांगली मुळं फुटली होती.

"आत्याबाई, मी मागणारच होते," मी म्हणाले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सासरहून निघताना मीही विहिरीवरच्या ईडलिंबाची एक फांदी मागितली होती. कुणी दिली नाही." आणि गाडीवानाला म्हणाल्या, "हळू हाक रे, काटे आहेत."